आमची वाटचाल : दोराआधी माणूस

शाळकरी मुलांना आणि नवख्या मोठ्यांना जुन्नर-मावळातल्या गडांवर नेणं, कातळावर रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, आणि सोपं प्रस्तरारोहण करवून घेणं, एवढंच आमचं काम. सुरुवातीला प्रशिक्षक घेताना आम्ही कागद बघायचो. उत्तरकाशीच्या किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स, मग अ‍ॅडव्हान्स, पुढे एमओआय, म्हणजे शिकवण्याच्या पद्धतीचा कोर्स. कागद आजही बघतो आणि त्यावर तडजोड करत नाही. पण कागदावरून गाठी येतात की नाही तेवढंच कळतं. भर दुपारी तिसाव्या मुलाला हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे सुरक्षेचे पट्टे, चढवताना हा माणूस कसा वागेल, ते कळत नाही. म्हणून कोणाच्याही हाती दोर देण्याआधी दोन दिवस त्याच्यासोबत राहायचं, ही पद्धत आम्ही बसवली.

पहिल्या दिवशी दोर पिशवीतून काढायचाच नाही. नुसतं चालायचं. घसाऱ्यावर तो आधी स्वतः उतरतो की मागच्याचा पाय टेकेपर्यंत थांबतो, पाणी कधी पितो, पायथ्याच्या गावात जेवू घालणाऱ्या मावशींशी कसा बोलतो, हे बघायचं. ‘तुझे छंद काय’ असं विचारलं की सगळे ट्रेकिंग, वाचन, फोटोग्राफी असंच सांगतात. त्याऐवजी आम्ही विचारतो: गेल्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी काय केलंस? कुठल्या गडावर तिसऱ्यांदा गेलास आणि का? माथा जवळ असताना कुठून परत फिरलास? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तरच नसतं, त्याला लहान मुलांच्या गटाबरोबर आम्ही पाठवत नाही. ढग दाटले म्हणून चाळीस जणांना परत वळवणं हे तंत्रापेक्षा स्वभावाचं काम आहे.

दुसरा दिवस चाळीस फुटी कड्यावर. ११ मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा रोप, एकमेकांपासून स्वतंत्र दोन अँकर, म्हणजे दोर बांधायचे आधार, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या दोरांमधला कोन ६० अंशांच्या आत. हा कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक अँकरवर जवळजवळ पूर्ण भार येतो, म्हणजे भार वाटून घेण्याचा फायदाच संपतो. मुलांसाठी उतरायच्या दोराखेरीज वरून बिलेचा, म्हणजे घसरल्यास धरून ठेवणारा, वेगळा दोर असतोच. रचना तोच लावतो, आम्ही तपासतो. खरं निरीक्षण त्यानंतर सुरू होतं. कड्याच्या काठाशी जाण्याआधी तो स्वतःला बांधून घेतो का? कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू बंद आहे हे नुसतं बघतो की दाबून बघतो? मोकळे केस, लोंबणारा टी-शर्ट आत खोचायला सांगतो का? ते डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनात, अडकलं, तर मूल मध्येच लटकून राहतं आणि भार काढल्याशिवाय सुटत नाही. एका दोरावर एका मुलाला पाच-सहा मिनिटं लागतात. तीस मुलं म्हणजे तीन तास उन्हात उभं राहणं. पहिल्या मुलाला तो सांगतो, ‘पाय खांद्याइतके फाकव, गुडघे ताठ, मागे बस, खालचा हात सोडू नकोस.’ विसाव्या मुलापर्यंत यातलं निम्मं गळतं. मूल मागे बसत नाही, पाय घसरतात, गुडघे कातळावर आपटतात. चुकलेलं दिसतं मूल, पण चूक थकलेल्या प्रशिक्षकाची असते. शेवटच्या मुलालाही तेवढ्याच शांतपणे सगळं सांगणारा माणूस मिळाला, की आम्हाला फार आनंद होतो.

जमिनीवरच एक मुद्दाम केलेली चूक ठेवतो. आमच्यापैकी एकजण हार्नेसचा पट्टा बकलमधून परत न ओवता, तसाच समोर उभा राहतो. जुन्या पद्धतीच्या बकलमध्ये असा पट्टा भार आल्यावर सरकून सुटू शकतो. उमेदवाराला चूक दिसते का, हे तर कळतंच. मालकाला ‘थांबा, हे चुकलंय’ म्हणायची त्याची तयारी आहे का, हेही कळतं. आमच्या लेखी दुसरं अधिक मोलाचं.

आवडींकडे आम्ही उशिरा लक्ष दिलं. ते आधीच द्यायला हवं होतं. शिलालेखांत रमणारा माणूस नाणेघाटात सातवाहनांचा ब्राह्मी लेख दाखवत मुलांना तासभर बसवून ठेवतो. त्याला शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन द्यावेत. वनस्पतींची ओढ असलेल्याला पावसाळ्यानंतरच्या वाटा द्याव्यात. सात वर्षांनी फुलणारी कारवी त्याच्यामुळेच गटाला नीट दिसते. पण आवडीला धोकाही चिकटलेला असतो. पक्षी दिसला की थांबणारा प्रशिक्षक पुढे ठेवला, तर रांग अरुंद आडव्या वाटेवरच तुंबते. शेवटी ठेवला, तर तो आणि मागची दोन मुलं गटापासून तुटतात. त्याची जागा मध्यभागी. वानरलिंगीसारख्या सुळक्यांची स्वप्नं बघणारा कसलेला आरोहक चाळीस फुटांवर कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस तपासणी गाळतो. त्याला अँकर आणि दोराची जबाबदारी द्यावी, मुलांसमोर दुसऱ्याला उभं करावं आणि आठवड्यात त्याच्या स्वतःच्या चढाईसाठी एक दिवस मोकळा ठेवावा. हा दिवस आम्ही मेहेरबानी समजत नाही. तो मिळाला नाही, की शनिवारी त्याचं मन कामावर नसतं.

हे सगळं प्रत्येकाच्या एका पानावर लिहिलेलं असतं: भाषा, आवडी, पोहता येतं का, जुनी दुखापत, कशाने चिडतो, भूक लागल्यावर गप्प होतो की खेकसतो. त्यातला आवडींचा आणि अनुभवाचा भाग निघण्यापूर्वी पालकांना पाठवतो. स्वभावाच्या नोंदी मात्र गटप्रमुखापुरत्याच. प्रशिक्षकाला गोष्टी सांगायला आवडतात की शांत चालायला, हे आधी कळलं की बुजरं मूलही गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसतं. दरवर्षी पावसाळ्याआधी हे पान त्याच्यासमोर बसून पुन्हा लिहितो. गुडघे बदलतात, घरची परिस्थिती बदलते, कोणाला लहान मुलांऐवजी मोठ्यांचे गट हवेसे वाटू लागतात. त्या हंगामाच्या जोड्या त्या पानांवरूनच लागतात.