दिल्लीच्या थंडीत साडी

मुंबईत जानेवारीतही पातळ शालीवर भागतं. दिल्लीतलं लग्न मात्र उघड्या लॉनवर असतं आणि रात्री पारा ७ अंशांच्या आसपास. साडीत थंडी शिरते ती खालून, घोट्यांकडून. म्हणून परकराच्या आत घोट्यापर्यंतची थर्मल लेगिंग हवीच.

परकर मात्र सुती घ्या. कोरड्या हवेत सॅटिनचा परकर सिंथेटिक लेगिंगवर घासला की स्थिर वीज तयार होते. मग साडी पायांना चिकटते आणि चालताना निऱ्या विस्कटतात. पायांना आधी मॉइश्चरायझर लावलं तर हा ताप कमी होतो. लेगिंगचा पट्टा खाली दुमडा आणि परकराची नाडी अंगावरच बांधा. गुळगुळीत कापडावर ती धरत नाही, वर निऱ्यांचं ओझं!

साडी नेसायला उभं राहायचं ते मोजे-बूट घालूनच, नाहीतर उंची चुकते. बूट दिसले तर दिसू देत, गारठलेल्या बोटांपेक्षा बरे.

ब्लाउज लांब बाह्यांचा, खोल गळ्याच्या थर्मलवर माप देऊन शिवलेला. पैठणीवर शाल पिन करताना पिन जरीतून घालू नका, धागा ओढला जातो.