सुसर आणि सोंस

मराठीत सुसर म्हणजे मगर. बिहारमध्ये सोंस किंवा सूंस म्हणजे गंगेतला डॉल्फिन. दोन्ही शब्द एकाच घरातले, संस्कृत 'शिशुमार'चे. संस्कृतातही हा शब्द कधी मगरीला लागतो, कधी डॉल्फिनला. भागवतात तर नक्षत्रांचं अख्खं चक्र शिशुमाराच्या आकाराचं आहे. श्वास सोडताना 'सूं' असा आवाज येतो म्हणून सूंस, असंही सांगितलं जातं. ऐकायला छान, पण शिशुमाराची वाट जास्त सरळ वाटते.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे. त्यातला 'गंगापुपुटक' म्हणजे हाच गंगेतला डॉल्फिन, असं अनेक अभ्यासक मानतात.

या डॉल्फिनच्या डोळ्यात भिंगच नसतं. उजेड-अंधार कळतो, चित्र उमटत नाही. गढूळ पाण्यात चित्राचा उपयोगही नसता. तो सतत टिकटिक आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून मासा हेरतो. बऱ्याचदा कुशीवर वळून पोहतो, एक पर तळाला घासत. मानेचे मणके सुटे असल्याने डोकं इकडेतिकडे वळवता येतं. समुद्रातल्या बहुतेक डॉल्फिनना ते जमत नाही. मादी नरापेक्षा मोठी, तिची चोचही लांब.

पाहायचा असेल तर भागलपूरकडे, सुलतानगंज ते कहलगाव या पट्ट्यात जावं. १९९१ पासून तिथे विक्रमशिला अभयारण्य आहे. हिवाळ्यातली वारा नसलेली सकाळ निवडा, कारण लाटांत पाठ दिसत नाही. नद्यांचा संगम, वळणावरचा डोह, बेटाच्या खालच्या टोकाला पाणी उलटं फिरतं ती जागा: मासे तिथे, म्हणून सोंसही तिथेच. होडीचं इंजिन बंद ठेवा. तो जेमतेम एक-दोन सेकंद वर येतो. सोंस बुडाला त्याच जागी नवखा माणूस टक लावतो आणि फसतो. पुढचा श्वास तो बराच दूर जाऊन घेतो. नजर पात्रभर सैल ठेवावी. समुद्री डॉल्फिनसारखा उंच पाठपर शोधू नका, इथे फक्त बुटका उंचवटा असतो.

मोजणीतही हीच अडचण. पाण्याखालचे सुटतात, तेच पुन्हा वर आले की दोनदा मोजले जातात. म्हणून निरीक्षकांचे दोन स्वतंत्र गट एकाच वेळी नोंद करतात आणि जोडीला पाण्यात ध्वनिग्राहक सोडतात.

जाळ्यात अडकलेला सोंस श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि गुदमरून मरतो. पूर्वी त्याच्या चरबीचं तेल बचवा मासा ओढायला पाण्यावर शिंपडत. पाटण्याचे प्रा. रवींद्रकुमार सिन्हा यांनी त्यावर साधा तोडगा काढला: माशांची डोकी, आतडी अशा टाकाऊ भागांचं तेल. आमिष म्हणून तेही चालतं. कायद्याची कलमं आपल्या जागी, पण कोळ्याच्या हातात दुसरी बाटली देणं मला जास्त मोलाचं वाटतं.

२०२१ ते २०२३ च्या देशव्यापी मोजणीत ६,३२७ नदी-डॉल्फिनांचा अंदाज निघाला. त्यातले ३ पंजाबात, बियास नदीत. ते गंगेचे नव्हेत, सिंधू डॉल्फिन आहेत. पाकिस्तानातल्या आपल्या भाईबंदांपासून बंधाऱ्यांनी तोडलेले.