पांझरेकाठी, पाण्याच्या कागदांमागे

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले की जमिनीचा हिशेब पुढ्यात येतो: जिरायत किती, बागायत किती, बागायतीत पाटस्थळ (पाटाच्या पाण्यावरची जमीन) कोणतं, मोटस्थळ (विहिरीच्या मोटेवरची) कोणतं. पाण्यावर सरकारनं काय वसूल केलं ते मोडीतल्या ओळींतून चांगलं कळतं. पण ते पाणी शेतात सोडलं कोणी, आधी कोणाच्या रानात गेलं, टंचाईत काय केलं? यासाठी धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठी जाणं भाग होतं.

चाळीसगावहून धुळ्याची गाडी धरली. धुळ्यात आधी राजवाडे संशोधन मंडळ. इतिहास संशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला याच गावात वारले आणि १९२७ मध्ये हे मंडळ उभं राहिलं. या माणसानं गावोगाव पायपीट करून जमवलेली दफ्तरं अशी जपलेली पाहिली की फार बरं वाटतं.

निघण्याआधी १८८० चं खान्देश गॅझेटिअर वाचून काढलं होतं. दगडी बंधारे एके काळी खूप होते, पश्चिमेकडच्या बहुतेक नदीनाल्यांवर त्यांच्या खुणा आहेत आणि लोक ते मुसलमानी राजवटीतले मानतात, असं त्यात आहे. मग इतके पडले कसे? १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख उद्ध्वस्त केला, पाठोपाठ दुष्काळ आला, गावंच्या गावं उठली. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती आला तो असा ओसाड खान्देश. गाळ काढायला आणि पाट दुरुस्त करायला माणूसच उरला नाही, तर बंधारा किती दिवस टिकणार? मला तरी नुसत्या पुरापेक्षा हे कारण मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी साक्रीकडची एसटी. फाट्यावर उतरून नदीच्या दिशेनं चालू लागलो, तर बांधावरच्या आजोबांनी हाक दिली, "कथाईन उनात भाऊ?" म्हणजे अहिराणीत, कुठून आलात? बंधारा बघायचाय म्हटल्यावर ते स्वतःच पुढे झाले.

बंधारा उंच नाही. नदीतला खडक जसा गेला तशी भिंत वळत गेली आहे. खालच्या अंगाला चुना झिजून दगडांच्या कडा उघड्या पडल्यात, काही ठिकाणी नंतरचं सिमेंट लिंपलेलं दिसतं. एका टोकाला पाटाचं तोंड. तिथून पाट काठाकाठानं निघतो, त्याच्या चाऱ्या फुटतात आणि जादा पाणी सांडव्यानं परत नदीत जातं.

पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले असतात. एका फडात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, आणि पिकं फिरती. एका फडात अनेकांची शेतं, शिवाय एकाच शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत. त्यामुळे एखाद्या फडाला पाणी मिळालं नाही तर ती झळ सगळ्यांनाच थोडी थोडी बसते. नदीला पाणी कमी असलं की त्या वर्षी कोणते फड भिजवायचे ते पंच ठरवतात. शेतकरी स्वतः दारं धरत नाही, म्हणजे पिकाला पाणी सोडत नाही, ते काम पाटकऱ्याचं, राखणीला जागल्या. आजोबा सांगत होते तेव्हा पाटकरी समोरच फावड्यानं दोन घाव घालून चारीचं तोंड फोडत होता. पाणी वाफ्याच्या शेवटापर्यंत पोचलं, तसं त्यानं मातीचा गोळा टाकून ते बंद केलं. शेताचा मालक जवळपासही नव्हता!

इतकी नेटकी व्यवस्था दफ्तरात शोधायची तर 'पाटस्थळ' या एका नोंदीशी येऊन थांबावं लागतं. म्हणून आता गावनिहाय काम करायचं आहे. पेशवे दफ्तरातली नोंद, इंग्रजी मोजणीचा नकाशा आणि पाटकऱ्याचं सांगणं, तिन्ही शेजारी ठेवून. घाई यासाठी की वर धरणं झाल्यापासून कित्येक ठिकाणी फड मोडले आणि पाटकऱ्यांची पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागली.

पांझरा, कान, मोसम, गिरणा, आरम यांपैकी कुठल्याही नदीकाठी तुमचं घर असेल, तर माळ्यावरची जुनी ट्रंक एकदा उघडून बघा. पंचांची वही, पाटाचा करार, मोडीतला एखादा कागद निघाला तर रद्दीत घालू नका. आधी फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा.