तान्ह्या पोळ्याची पेटी: चौथ्या घाण्यात काळ्या मातीवर तास उमटले

पोळ्याला अकरा दिवस उरलेत आणि तान्ह्या म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल घेऊन शेती-शेती खेळायच्या पेटीचा बेस, म्हणजे तिच्यातली खोटी माती, एकदाचा जमला. लाकडी बैलामागे वखर ओढला की तास (मातीतली चर) उमटतो, काठ ढासळत नाहीत आणि हात झटकला की मोकळा होतो. मागच्या नोंदीत बेस म्हणून रंगीत तांदूळ सांगितला होता, तो आता बाद समजा. श्रावणातल्या दमट हवेत त्याचा रंग तळहातावर उतरतो आणि दोन आठवड्यांत सोंडे दिसतात. तांदळात तास टिकत नाही, ते वेगळंच.

खरी वावरातली माती का नको, हे बरेचजण विचारतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की तिची दगडासारखी ढेकळं होतात. मधली वाफशाची स्थिती टबात एक दिवससुद्धा टिकत नाही. त्यात शेणखत, जंतांची अंडी आणि फवारणीचे अंश असू शकतात. जे मूल अजून सगळं तोंडात घालतं, त्याच्यापुढे ती माती ठेवायचीच नाही. म्हणून पीठ आणि तेल. नेहमीचं प्रमाण आपल्याला ठाऊक आहे: आठ वाट्या पिठाला एक वाटी तेल. अडचण प्रमाणाची नव्हतीच. अडचण होती रंगाची आणि तेलाची, आणि तिनेच तीन घाणे खाल्ले.

पहिला घाणा जवसाच्या तेलात केला, कारण आपल्याकडे ते घाणीवर ताजं मिळतं. दोन दिवस सुंदर होता. चौथ्या दिवशी ढेकळं झाली, बोटांना चिकटपणा आला आणि रंगाच्या डब्यासारखा वास सुटला. कारण साधं आहे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, म्हणूनच ते लाकडाला आणि तैलरंगात वापरतात. बाटलीत हे सावकाश होतं. पिठाच्या कणाकणावर पातळ पसरलं की हवेला पृष्ठभाग कितीतरी पटीने जास्त मिळतो आणि काम भराभर होतं. ज्यांनी हा घाणा केला असेल त्यांनी तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दुसऱ्या घाण्यात सोयाबीनचं रिफाइंड तेल आणि खाण्याचा काळा रंग. पुडीतला रंग पाण्यात विरघळणारा असतो, तेलात तो नुसता ठिपक्यांनी बसतो. पीठ करडंच राहिलं. घामेजलेला हात लागला की मात्र तेच ठिपके फुटून निळे-जांभळे डाग पडतात, कारण काळा म्हणून मिळणारा रंग बहुधा दोन-तीन रंगांचं मिश्रण असतो. तेलाच्या बेसमध्ये पुडीचा रंग घालूच नये, हे आता पक्कं झालं.

तिसऱ्या घाण्यात चहाचा चोथा आला. रंग हवा तसा, ठिपक्याठिपक्यांचा, अगदी रानासारखा. पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला. रात्रीतून मुंग्या लागल्या आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी.

चौथा घाणा असा केला. टपरीवरचा एका दिवसाचा चोथा आणला, त्यातल्या आल्याच्या काड्या वेचून काढल्या. चार पाण्यांनी धुतला, पाचव्या पाण्यात दहा मिनिटं उकळला, पुन्हा गाळला. पाण्याला दुधाचा गढूळपणा उरला नाही की धुणं पुरे. या दिवसांत उन्हाचा भरवसा नाही, म्हणून फडक्यात पिळून लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतून वाळवला. चिमटीत चुरल्यावर आवाज आला पाहिजे, मऊ लागला तर अजून ओल आहे. असा वाळलेला चोथा पिठात मिसळायला 300 ग्रॅम लागतो.

पीठ: कणीक 1 किलो, नाचणी 1 किलो, जाडा रवा 250 ग्रॅम. कणीक आणि नाचणी वेगवेगळी भाजायची, कारण नाचणी आधी रंग धरते आणि एकत्र घेतली तर जळते. लोखंडी कढईत मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं, कणीक चॉकलेटी होईपर्यंत. भाजल्याने किडीची अंडी मरतात, ओल जाते आणि रंगाची अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. रवा शेवटी, जरासाच. पीठ पूर्ण गार झाल्याशिवाय तेल घालू नका, नाहीतर गोळे होतात.

तेल खोबऱ्याचं, 500 मिलि. आधी 400 ओतून दोन्ही हातांनी चोळा, मोहन चोळतो तसं. मग मूठ आवळून बघा. लाडू बांधला गेला पाहिजे आणि बोट टेकवताच फुटला पाहिजे. बांधला जात नसेल तर पन्नास-पन्नास मिलि वाढवा. फुटत नसेल तर तेल जास्त झालं, मूठभर भाजलेलं पीठ घाला. तेल पडलं की रंग एक छटा गडद होतो, तेव्हा भाजताना थोडा फिका दिसला तरी घाबरायचं नाही. तयार रंग पहिल्या पावसानंतर वरवर वाळलेल्या वावरासारखा येतो. 40 × 30 सेमीच्या टबात हा घाणा साधारण 4 सेमी जाडीचा थर देतो, म्हणजे दीड-दोन सेमी खोल तास आरामात.

रवा घातल्यामुळेच तासाचे काठ उभे राहिले. नुसत्या पिठात काठ गुळगुळीत होऊन बसतात. आणि अवजाराचाही वाटा आहे. आइस्क्रीमच्या काडीने नुसती रेघ पडते. बांबूची 2 सेमी रुंद चीप घेऊन टोक बोथट त्रिकोणी करा आणि 120 नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासा. डवऱ्यासाठी (पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार) रुंद दातांचा कंगवा चालतो, एक सोडून एक दात काढून.

कोको पावडर किलोला 50 ग्रॅम घालून पाहिली होती. रंगाला तोड नाही, पण ती काढून टाकली. आपल्याकडे वापरलेला बेस उकिरड्यावर जातो आणि तिथे कोंबड्या, कुत्री, गुरं सगळी तोंड घालतात. कोकोतला थिओब्रोमिन त्यांना विषारी आहे. चहाच्या चोथ्याचाही बेस खड्ड्यात पुरूनच टाका.

बैल आठवडी बाजारातूनच घ्या, पण रंगवलेले नाहीत. सुताराकडे बिनरंगाचे मागितले की मिळतात. तैलरंगाचे पापुद्रे या तेलकट बेसमध्ये लवकर सुटतात. चाकांचे खिळे हाताने ओढून तपासा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 3.2 सेमी व्यासाच्या नळीतून जाईल अशी कुठलीही वस्तू पेटीत नको. सुटं चाक नेमकं तेवढंच असतं.

पेरणीचा भाग तीन वर्षांवरच्यांनाच. मूठभर ज्वारी द्या, खेळ झाला की रव्याच्या चाळणीने वेगळी करा. बियाण्याच्या पिशवीत उरलेलं गुलाबी, निळं किंवा जांभळं बी कदापि नको, ते औषध लावलेलं असतं. एरंडी आणि गुंजा दिसायला कितीही देखण्या असल्या तरी नाहीत. दोन्ही जहाल विषारी आहेत. ज्या मुलाला गव्हाची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी कणकेऐवजी सगळी नाचणीच, आणि रवाही नको, तोही गव्हाचाच असतो. मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं, आणि खाली ताडपत्री, कारण फरशीवर सांडलेला हा बेस भयंकर निसरडा होतो.

साठवायला स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा. क्लिपवाले स्वस्त प्लास्टिकचे डबे महिन्याभरात कानाशी तुटतात, त्यावर पैसे घालवू नका. दोन आठवडे वापरा आणि रोज वास घ्या. खवट आला की संपला. हाच घाणा हिवाळ्यात केला तर खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं आणि सकाळी टबात वीट सापडते, तेव्हा सोयाबीनचं रिफाइंड घ्या.

हे लिहिता लिहिता सुचलं: अख्खा टब काळा कशाला? मधे कणकेच्या घट्ट गोळ्याचा धुरा (बांध) घातला तर एका बाजूला वखरणी आणि दुसऱ्या बाजूला कापूस वेचणी बसेल. पऱ्हाटीची (कापसाच्या झाडाची) वाळलेली बोंडं आणायची, पण त्यांच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. ती कापून घासावी लागतील, आणि आत बोंडअळी दडलेली नाही ना हे एकेक उघडून बघावं लागेल. कापूस मात्र सरकी काढलेला, दुकानातल्या गुंडाळीचा. धुऱ्याला तेल लागून तो मऊ पडतो का, ते आज रात्री एका ताटात करून बघायचं आहे. मऊ पडला तर बांबूची पट्टी.