रिकामी टाकी

"तोफेची भीती कधी वाटली नाही, रिकाम्या टाकीची वाटायची." युद्धनौकेवर नोकरी केलेले एक काका आज सहज बोलून गेले आणि ते डोक्यातून जातच नाहीये.

टाकीत विषारी काही असायलाच हवं असं नाही, नुसता गंज पुरतो. बंद पोलादी टाकीत गंज चढताना हवेतला ऑक्सिजन संपत जातो, ना वास ना रंग, माणूस शिडी उतरतो आणि कोसळतो. म्हणून आधी ऑक्सिजन मोजणारा मीटर लावायचा, एरवी हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली दिसला की आत जायचं नाही, रँक कुठलीही असो.

खरा घात तर पुढेच. मित्र पडलेला बघून दुसरा ब्रीदिंग सेट (स्वतःची हवा सोबत नेणारं श्वासाचं उपकरण) न लावताच आत शिरतो.

धाडस शिकवलेल्या माणसाला थांबायला कसं शिकवत असतील हो?