फुटपट्टीशिवाय

दुपारी जेवून जरा आडवं पडलं की फोन हातात घ्यायचा नाही असं रोज ठरतं आणि रोज मोडतं. परवा तसंच झालं आणि समोर एक बीएमडब्ल्यू आली. गाड्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण ही बघून मी उठूनच बसले. बॉनेटपासून डिकीपर्यंत निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा, सगळे कोन आणि पायऱ्या, आणि प्रत्येक रंगाला काळी जाड कड. ही १९९१ ची ५२५आय, रंगवणारी दक्षिण आफ्रिकेतली एस्थर माह्लांगू, न्देबेले समाजातली. कंपनीने त्याआधी कॅल्डर, वॉरहोल अशा बड्या कलाकार मंडळींकडून गाड्या रंगवून घेतल्या होत्या, त्यात बाई म्हणून ही पहिलीच.

मग काय, झोप गेली आणि तासभर मी त्या रेघाच झूम करकरून बघत बसले. कारण ही बाई फुटपट्टी वापरत नाही. पेन्सिलने आधी आखून घेणं नाही, काही नाही, कोंबडीचं पीस रंगात बुडवायचं आणि सरळ ओढायचं. दहा वर्षांची असताना आई-आजीकडून घराच्या भिंती रंगवायला शिकली. त्या दोघी दुपारी काम थांबवून आत गेल्या की ही पोर त्यांच्या भिंतीवर हात चालवायची, मग ओरडा, मग शिक्षा म्हणून घराच्या मागच्या भिंतीवर रवानगी. तिथे काय वाट्टेल ते कर.

आमच्याकडे पण हेच. दिवाळीत दारासमोरची रांगोळी मोठ्यांची, आम्हाला मागे मोरीपाशी पाट्याएवढी जागा. त्यात मी ठिपक्यांच्या कागदवाली. जुन्या लग्नपत्रिकेला पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडायचं, कागद कडेने तपकिरी व्हायचा, उदबत्तीचा आणि जळक्या कागदाचा मिळून एक विचित्र वास यायचा, तो मला अजून आवडतो. आजी मात्र नुसत्या चिमटीने पंधरा ठिपके पंधरा ओळी घालायची आणि शेवटची ओळ पहिलीच्या बरोब्बर समोर. कागद बघून म्हणायची, "डोळे काय देवाने शोभेला दिलेत का गं?" त्याचा सूड म्हणून असेल, पण दवाखान्यात भिंतीवरची फ्रेम वाकडी दिसली तरी मी उठून सरळ करते. लोक बघतात. बघू देत.

तर त्या रेघा. लांबून एकदम मशीनने काढल्यासारख्या. जवळ गेलं की कळतं, काळी रेघ मधेच किंचित जाड होते, कोपऱ्यात पिसाचा दाब सुटलेला दिसतो. उशीच्या अभ्र्यावर आणि मगवर हेच डिझाइन छापून विकतात त्यात हा दाब नसतो, म्हणून मला ते मग आवडत नाहीत. पूर्वी शेण, माती, राख, चुना हेच रंग होते, मग कपड्यांची नीळ आली, मग दुकानातले डबे. परंपरेने डबे बिनतक्रार घेतले, आपणच उगाच हळहळतो.

१९८९ ला पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात ही होती आणि आपले डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे पण होते! इकडे सुवासिनी लग्नाचा चौक लिहायच्या, तिकडे पण भिंती बायकाच रंगवतात. दोघं तिथे एकमेकांशी बोलले असतील का आणि बोलले तर कसे, हे मला फार जाणून घ्यायचंय.

आणि एक वाचलं ते तेवढं गोड नाही. १८८३ ला बोअर लोकांनी, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या गोऱ्यांनी, न्देबेलेंना हरवलं आणि माणसं शेतांवर वेठीला वाटून टाकली. जमीन गेली. पुढे बायका ज्या भिंती रंगवत राहिल्या त्या बऱ्याचदा दुसऱ्याच्या जमिनीवरच्या. एस्थरआजीचा जन्मही अशाच एका शेतावरचा, १९३५ चा. ती गाडी रंगवून झाली, जगभर फोटो गेले, तेव्हा आपल्या देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क वर्णभेदामुळे तिला नव्हता. तो मिळाला १९९४ ला, तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती.