सेकंदाचा शंभरावा भाग

आज पुतणीच्या धावण्याच्या सरावाला गेले असता तिच्या प्रशिक्षकांचे स्टॉपवॉच हातात आले. ते शक्य तितक्या चपळाईने सुरू करून लगेच बंद केले, तरी पडद्यावर बारा शतांश सेकंद उमटले. त्याहून कमी काही केल्या जमेना.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक अवघ्या एका शतांशाने हुकले. रुमानियाच्या धावपटूची वेळ ५५.४१ सेकंद, उषा यांची ५५.४२. अंतिम रेषेवर छाती जरा पुढे झोकली असती तर, ही हळहळ आजही मनातून जात नाही. मात्र त्यांची सारी कारकीर्द त्या एका शर्यतीपाशी थांबवणे मला अन्यायाचे वाटते. पुढच्याच वर्षी जकार्तातील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णपदके जिंकली, १९८६ मध्ये सोलच्या आशियाई क्रीडास्पर्धेत चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले, आणि ओ. एम. नंबियार यांनी घडवलेल्या केरळातील पय्योलीच्या या मुलीने मधल्या खंडानंतर मैदानात परतून, वयाच्या ३४ व्या वर्षी, फुकुओका येथे पुन्हा आशियाई पदके पटकावली.

पुतणीने ती शर्यत मोबाइलवर तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा शेवटच्या अडथळ्यानंतर माझा हात घट्ट धरला.